जुनी लक्झरी मोटरहोम घेतलीय, तर आधी हात कुठे घालायचा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की डॅलसला २००१ ची चाळीस फुटी डिझेल पुशर, म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेली मोटरहोम, घेतलीय, ओरेगॉनमध्ये बनलेली, मागे कमिन्स आयएससी ८.३ लिटर इंजिन, ॲलिसन ३००० गिअरबॉक्स, मैल कमी, पण आधीच्या मालकाने शेवटची काही वर्षं नुसती उभी ठेवलेली. चढावर गरम होते, रात्रीत मागची उजवी बाजू खाली बसते, आणि बेडरूमच्या एसीजवळ छताला पिवळा डाग आहे. उन्हाळ्यात मुलांना घेऊन कोलोरॅडोला जायचंय, घरच्यांना त्याआधी सोफा आणि फ्लोअरिंग बदलून हवंय, आणि तुम्ही विचारताय की सुरुवात कुठून करू, स्वतः किती करू आणि पैसे किती लागतील.

सोफा सगळ्यात शेवटी. मी पुण्यात डिझेलचं काम शिकलो, कोथरूडच्या कमिन्सच्या इंजिनांवर हात बसला, आणि इथे टेक्सासमध्ये आता बस आणि मोटरहोमच करतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये हमखास एक गोष्ट दिसते, आत नवीन फ्लोअरिंग, नवीन टीव्ही, चकाचक किचन, आणि खाली टायर बारा वर्षांचे. तुमच्या तीन तक्रारींपैकी एकही अवघड नाहीये, पण तिन्ही लांबणीवर टाकण्यासारख्या पण नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक भीती काढून टाका. ओरेगॉनमधल्या मोठ्या कोच कंपन्या २००८ च्या मंदीत बसल्या, मोनॅको काय, कंट्री कोच काय, २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या, म्हणून लोक म्हणतात पार्ट कुठून आणणार. पण या कंपन्यांनी स्वतः बनवलेलं फार थोडं असतं, बॉडी, कपाटं, वायरिंगचा नकाशा आणि काहींची चासी. बाकी इंजिन कमिन्सचं, गिअरबॉक्स ॲलिसनचा, जनरेटर ओनानचा, ब्रेकचे व्हॉल्व्ह बेंडिक्सचे, सस्पेन्शनचे बलून (गाडीचं वजन पेलणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या) फायरस्टोन नाहीतर गुडइयरचे, उभी गाडी सपाट करणारे लेव्हलिंग जॅक बहुतेक एचडब्ल्यूएचचे, आणि यातल्या बहुतेक कंपन्या आजही चालू आहेत. तेव्हा पहिल्या शनिवारी एकच काम करा, टॉर्च घेऊन प्रत्येक मशीनवरची पत्र्याची प्लेट शोधा आणि मॉडेल नंबर, सिरियल नंबरचे फोटो काढून फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. इंजिनचा सिरियल नंबर कमिन्सला दिला की त्या इंजिनाला फॅक्टरीतून काय काय लागलं होतं त्याची यादी मिळते, मग पार्ट मागताना अंदाजपंचे काही राहत नाही.

दुसरं म्हणजे कमी मैल बघून फार खूश होऊ नका. ८.३ चं कमिन्स ट्रकमध्ये लाखो मैल धावतं, तुमचं इंजिन अजून तरुण आहे. जे म्हातारं झालंय ते रबर. टायर, बलून, डिझेलचे पाईप, कूलंटचे पाईप, खिडक्यांची आणि स्लाईडची (भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या खोलीची) सील, छताचं सीलंट, हे सगळं चालवलं काय आणि उभं ठेवलं काय, वयाने जातं, आणि उभ्या गाडीत तर जास्तच लवकर. त्यामुळे मैलाचा आकडा बाजूला ठेवा आणि प्रत्येक रबराची तारीख शोधा.

टायरपासून सुरू करा कारण हे घरबसल्या पाच मिनिटांत कळतं. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१६ असेल तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. तारीख फक्त एकाच बाजूला असते, बाहेर दिसली नाही तर आतल्या बाजूला असणार, तेव्हा खाली वाकून बघायला लागतं, मागच्या जोडचाकांच्या आतल्या टायरचं तर विशेष. मिशेलिन दहा वर्षं ही शेवटची मर्यादा सांगतं, पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी. मी मोटरहोमला सात वर्षांच्या पुढे हायवेवर जाऊ देत नाही, नक्षी कितीही खोल असली तरी. पुढचा टायर ६५ च्या स्पीडला फुटला तर पंधरा टन गाडी कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही, आणि मागचा फुटला तर तो व्हील वेलच्या वरची वायरिंग आणि पाईप फाडत जातो. हवा किती भरायची ते टायरवरच्या कमाल आकड्यावरून ठरवू नका. सामान, पाणी, डिझेल, माणसं भरून ट्रक स्टॉपच्या कॅट स्केलवर, म्हणजे मोठ्या वजनकाट्यावर, वजन करा, ॲक्सलचं वजन कागदावर मिळतं, ते टायर कंपनीच्या तक्त्यात बघा आणि थोडी जास्त भरा.

आता बसणारी बाजू. याच्याबद्दल लिहायच्या आधी, हे नीट वाचा: नुसत्या हवेवर किंवा लेव्हलिंग जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, हात पण घालायचा नाही. बलून फुटला किंवा व्हॉल्व्ह उघडला तर गाडी क्षणात काही इंच खाली येते आणि खाली तेवढीच जागा असते. या कामात माणसं गेली आहेत. वजनाला पुरतील असे स्टँड चासीच्या मजबूत भागाखाली लावायचे, मग सगळी हवा सोडून गाडी त्या स्टँडवर बसवायची आणि मगच खाली सरकायचं. हे जमत नसेल तर हे काम दुकानातच द्या.

गळती शोधणं मात्र बरंचसं बाहेरून होतं. संध्याकाळी इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्या, बंद करा, चारही कोपऱ्यांत जमिनीपासून व्हील वेलच्या कडेपर्यंत टेपने मोजून लिहून ठेवा, सकाळी परत मोजा. आठवडाभरात थोडी बसली तर या वयात चालतं. एका रात्रीत एकच कोपरा बसत असेल तर गळती त्या कोपऱ्याच्या सर्किटमध्ये आहे, एवढं तरी नक्की. मग स्प्रेच्या बाटलीत भांड्यांचा साबण आणि पाणी घेऊन, हात बाहेरून पोचेल तिथपर्यंत मारत जायचं. बलूनपेक्षा आधी फिटिंग बघा, जिथे प्लॅस्टिकची एअर लाईन पितळी फिटिंगमध्ये जाते तिथे बारीक फेस यायला लागतो, कधी कधी मिनिटभर थांबावं लागतं. नंतर राईड हाईट व्हॉल्व्ह, म्हणजे गाडीची उंची राखणारा, त्याच्या एक्झॉस्टच्या भोकातून सतत बुडबुडे येत असतील तर तो आतून गेलाय. मग लेव्हलिंगचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, त्यांच्या आतल्या ओ-रिंग कडक होतात, आणि सगळ्यात शेवटी बलून, विशेषतः खालची घडी, जिथे रबर स्वतःवर दुमडतं. तिथे चिरा असतील आणि आतले दोरे दिसत असतील तर मोजमाप पुरे, बदला, आणि एका ॲक्सलवरचे दोन्ही एकदम बदला. नंबर रबरावरच छापलेला असतो. बहुतेक वेळा निघतं ते फिटिंग किंवा व्हॉल्व्ह, आणि तो खर्च बलूनच्या मानाने किरकोळ असतो, म्हणून कोणी न बघताच सगळे बलून बदला म्हणाला तर त्याला आधी साबणाचा फेस दाखवायला सांगा.

हवेचाच विषय निघालाय तर ब्रेक. एअर टँकच्या खाली ड्रेन असतात, काहींना दोरी असते, ती ओढा. थोडं पाणी निघालं तर ठीक, दुधाळ तेलकट निघालं तर एअर ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय, उभ्या राहिलेल्या गाडीत मी ते न विचारता बदलतो. मग ट्रकवाल्यांची टेस्ट करा. आधी लेव्हल जागा बघा, चाकांना अडवायला ठोकळे लावा. हवा पूर्ण भरून इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडून पाय ब्रेकवर दाबून धरा, मिनिटात ३ पीएसआयपेक्षा जास्त उतरायला नको. मग चावी चालू ठेवून ब्रेक पुन्हा पुन्हा मारत हवा घालवा, ६० च्या आत यायच्या आधी वॉर्निंग वाजलीच पाहिजे, आणि साधारण २० ते ४५ च्या दरम्यान पार्किंगचं बटण आपोआप बाहेर उडायला पाहिजे. दहा मिनिटांचं काम आहे आणि यात नापास झालेली गाडी ड्राईव्हवेच्या बाहेर काढायची नाही.

गरम होण्याचं कारण मला इथे बसून जवळपास माहीत आहे, कारण मागे रेडिएटर असलेल्या बहुतेक गाड्यांत तेच असतं. इंजिनाच्या क्रँककेसमधून एक ब्रीदर पाईप खाली सोडलेला असतो, त्यातून तेलाची वाफ ठिबकत असते, हे त्या इंजिनात नॉर्मल आहे. पण तो पाईप संपतो पंख्याच्या पुढेच. पंखा ती तेलकट वाफ ओढतो आणि मागच्या चार्ज एअर कूलरवर (इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटरवर फेकतो, त्यावर रस्त्याची धूळ बसते, आणि वीस वर्षांत जाळीवर काळा गालिचा तयार होतो. गंमत अशी की गाडीच्या मागून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ दिसतो, कारण घाण इंजिनाच्या बाजूला असते, त्यामुळे तीन जण बघून जातात आणि रेडिएटर चांगलाय म्हणतात. बेडरूममध्ये पलंगाखाली इंजिनाचं झाकण आहे ते उघडा, टॉर्च घ्या आणि पंख्याच्या कव्हरच्या फटीतून जाळीकडे बघा. जाळीची बारीक पाती वेगळी वेगळी दिसायला पाहिजेत. नुसतं काळं मऊ नमद्यासारखं दिसलं तर कारण सापडलं.

धुवायचं ते इंजिन पूर्ण गार असताना. अल्टरनेटर, एअर इनटेक, कॉम्प्युटरचे कनेक्टर प्लॅस्टिकने बांधून घ्या. ॲल्युमिनियमला चालेल असा सौम्य डिग्रीझर घ्या, सिंपल ग्रीनसारखा, कॉस्टिकवाला नको, तो पाती खातो. इंजिनाच्या बाजूने भरपूर मारा, वीस मिनिटं मुरू द्या, आणि मागून साध्या बागेच्या पाईपने पाणी मारा, म्हणजे घाण आली तशीच परत निघते. प्रेशर वॉशर अजिबात नको, पाती आडवी झाली की रेडिएटरच बदलायची वेळ येते. पहिल्यांदा खाली येतं ते डांबरासारखं पाणी, ते गटारात जाऊ देऊ नका, खाली ताडपत्री आणि टब ठेवा. मग परत मारा, परत धुवा, पाणी साफ येईपर्यंत, एका दिवसात होत नाही बहुतेकांचं. झालं की लगेच त्या ब्रीदरला तेलाला चालणारा होज जोडून तो रेडिएटरच्या पलीकडे न्या, सगळीकडे उतार ठेवा, कुठेही झोळ पडू देऊ नका, नाहीतर त्यात पाणी साठतं आणि थंडीत गोठून पाईप बंद होतो. हे केलं नाही तर धुतलेलं सगळं परत भरणार.

धुऊनही गरम झाली तर, पंखा हायड्रॉलिक असेल तर त्याच्या तेलाची लेव्हल आणि फिल्टर, नंतर थर्मोस्टॅट, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरवर गार पट्टे आहेत का ते बघायचं, असतील तर आतून चोंदलाय. डॅशवरच्या काट्यावर विश्वास ठेवायच्या आधी त्याच थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या बाहेरच्या कव्हरवर तापमान घ्या, या वयात सेन्सर खोटं बोलतात.

कूलंट रंग बघून टॉप अप करू नका, रंगावरून काही कळत नाही. ८.३ मध्ये वेट लायनर आहेत, म्हणजे सिलिंडरच्या बाहेरून थेट कूलंट फिरतं, आणि लायनर थरथरतो तेव्हा त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे फुटून लोखंडाला खड्डे पडत जातात, पार आरपार भोक पडेपर्यंत. त्याला अडवतं ते कूलंटमधलं ॲडिटिव्ह. टेस्ट स्ट्रिप मिळतात, त्या तुमच्या कूलंटच्या प्रकाराच्याच घ्या, आणि आधीच्या मालकाचा काहीच कागद नसेल तर सगळं काढून, फ्लश करून, नवीन हेवी ड्युटी कूलंट भरा आणि झाकणाजवळ तारीख आणि प्रकार लिहून चिकटवा.

छताचा डाग. तुम्ही आज मोटरहोममध्ये एकच काम करणार असाल तर हे करा, कारण इंजिन उभं राहू शकतं, पाणी थांबत नाही. बाहेरची फायबरग्लासची कातडी आतल्या प्लायवर चिकटवलेली असते, प्लाय ओला झाला की कातडी सुटते, भिंतीला फुगवटे येतात, आणि तो खर्च गाडीच्या किमतीपर्यंत जाऊ शकतो. एसीजवळचा डाग बहुतेक एसीच्या गॅस्केटचा. छतात १४ बाय १४ इंचाचं भोक असतं, त्यावर फोमचं गॅस्केट आणि त्यावर एसी, आतून चार बोल्टने आवळलेला. वर्षांनुवर्षं हादरून फोम दबतो आणि बोल्ट सैल पडतात. आतलं झाकण काढा, बोल्ट तिरके तिरके, थोडे थोडे, सारखे आवळा, गॅस्केट साधारण निम्मं दबेपर्यंतच, जास्त आवळलं तर एसीचा तळ वाकतो. फोम चपटा आणि कडक झाला असेल तर एसी उचलून नवीन गॅस्केट टाका. त्याच वेळी एसीच्या ट्रेची पाणी जायची भोकं साफ करा, कधी कधी पावसाचा काही संबंधच नसतो, एसीचंच पाणी आत येत असतं.

पण डाग आहे तिथेच गळती असेल असं धरून चालू नका, पाणी छताच्या आत बरंच पुढून वाहत येतं. पिनचं मॉइश्चर मीटर स्वस्तात मिळतं, ते घेऊन डागापासून पुढे मागे बघत जा आणि आकडे मास्किंग टेपवर लिहून चिकटवत जा, मग पाण्याची वाट डोळ्यांसमोर येते. वर चढलात की व्हेंट, अँटेना, वरचे छोटे क्लिअरन्स लाईट, ऑनिंगचे स्क्रू आणि छत-भिंतीचा जोड बघा. जुनं सीलंट तडकलं असेल ते प्लॅस्टिकच्या पट्टीने काढून डायकॉरसारखं छताचं सीलंट लावा, तुमच्या छताच्या प्रकाराला चालतं ते. सिलिकॉन छतावर लावू नका हो, अगदी विनवून सांगतो, त्याच्यावर पुढे कुठलंच सीलंट धरत नाही आणि नंतरचा माणूस तासन्तास खरवडत बसतो. स्लाईडच्या खालच्या कोपऱ्यात पाय दाबून बघा, भुसभुशीत लागलं तर फ्लोअरिंगचा विषय वेगळ्याच कारणाने पुढे येईल, आणि मग घरच्यांना पण पटेल की आधी गळती, मग लाकूड, मग वरची फरशी.

वीज. तुमच्या गाडीला ५० अँपचं कनेक्शन आहे, म्हणजे १२० व्होल्टच्या दोन लाईन आणि एक न्यूट्रल. कॅम्पग्राउंडच्या खांबावर न्यूट्रल सुटला तर एका लाईनवर व्होल्टेज चढतं आणि फ्रिज, टीव्ही, चार्जर सगळं एका झटक्यात जातं. म्हणून चांगला सर्ज प्रोटेक्टर, न्यूट्रल तुटलेला ओळखणारा, सोफ्याच्या आधी घ्या. आणि ट्रान्सफर स्विचचा (खांबाची वीज की जनरेटरची ते बदलणारा) डबा उघडून बघा, खांबाची वायर काढून, जनरेटर आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून, मीटरने शून्य व्होल्ट बघून मगच. आतले स्क्रू हादऱ्याने सैल होतात, सैल जोड तापतो, वायरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन कडक होतं, आणि मळकट जळका वास येतो. तसं दिसलं तर नुसतं आवळून भागत नाही, जळलेलं टोक मागे कापून, टर्मिनल खराब असेल तर स्विचच बदलायचा. विजेत हात नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा.

डिझेलचे पाईप पण वयाचेच. २००६ मध्ये इथे अगदी कमी सल्फरचं डिझेल आलं, त्याआधीच्या रबराला ते सोसत नाही असा आमच्याकडचा सगळ्यांचा अनुभव, पाईप बाहेरून कोरडा दिसतो पण जोडातून हवा ओढतो आणि गाडी सकाळी लवकर स्टार्ट होत नाही. २००१ च्या आयएससीला कॅप्स नावाचा फ्युएल पंप असतो, तो बदलायचा म्हणजे काही हजार डॉलर, तेव्हा पाईप आणि दोन्ही फिल्टर बदलणं फार स्वस्त पडतं. फिल्टरमध्ये काळा चिकट गाळ निघाला तर टाकीत जंतू वाढलेत, बायोसाइड टाका आणि गाडीत दोन जादा फिल्टर ठेवा, मेलेला गाळ पुढच्या पाचशे मैलांत येतच राहतो.

जनरेटर महिन्यातून एकदा दोन तास निम्म्या लोडवर चालवा, म्हणजे एक-दोन एसी लावून, नुसता पाच मिनिटं चालवून बंद करण्यात काही अर्थ नाही. फ्रिज नॉरकोल्ड १२०० असेल तर त्या मॉडेलचे आगीच्या धोक्यामुळे रिकॉल झालेले आहेत, सिरियल नंबरने तपासून घ्या आणि झालेलं काम मागच्या बाजूने डोळ्यांनी बघा. गिअरबॉक्सचं तेल फिल्टरसकट बदला, ॲलिसनने मान्य केलेलं सिंथेटिक टाका, मग त्याची काळजी नको.

पैशांचं. दुकानाचा दर आता तासाला दीडशे-दोनशे डॉलर आहे, म्हणून धुणं, साबणाची टेस्ट, सीलंट, फिल्टर, मॉइश्चर मीटर हे स्वतः करा, आणि बलून, ब्रेक, टायर दुकानाला द्या. तुमच्या गाडीला पहिल्या वर्षी दहा ते पंधरा हजार डॉलर बाजूला काढा, त्यातला मोठा तुकडा टायरचा. त्या पैशांत सोफा बसत नसेल तर सोफा पुढच्या वर्षी.

कोलोरॅडोला जाताना अमॅरिलोवरून रॅटन पास लागेल, ७,८३४ फूट. चढताना ॲलिसनला स्वतःहून खालचा गिअर द्या, आरपीएम वर राहू द्या, पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही जोरात फिरतात आणि इंजिन गार राहतं. २०० फॅरेनहाइटच्या आसपास ठीक, २१० च्या वर जात राहिलं तर पाय उचला, २२० दिसलं तर बाजूला घ्या, न्यूट्रलमध्ये आरपीएम वाढवून गार होऊ द्या, इंजिन लगेच बंद करू नका. उतरताना आपल्या घाटातल्या ड्रायव्हरांचा नियमच लावा, ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक चालू, आणि पायाचा ब्रेक अधूनमधून नीट दाबून स्पीड खाली आणायचा आणि सोडायचा, धरून बसायचं नाही.

आता या शनिवारी तीन गोष्टी करून मला कळवा: सगळ्या टायरच्या तारखा, चार कोपऱ्यांची संध्याकाळ-सकाळची मापं, आणि पलंगाखालून काढलेला रेडिएटरच्या जाळीचा फोटो, फ्लॅश लावून. ते बघितलं की कोलोरॅडो या उन्हाळ्यात जमतंय का ते सांगतो.